‘नाही’ची मुदत एक आठवडा

ती रुजू झाली त्या सकाळी साहेबांनी स्वतःच्या रुमालानं तिची खुर्ची पुसली. निळ्या कापडाची, एक हात तुटलेली खुर्ची. त्या खुर्चीवर आधी मी बसायचो. म्हणजे मला ती कुणी दिली नव्हती, रिकामी होती म्हणून बसायचो. साहेब म्हणाले, "तू ते स्टूल घे रे," आणि मी घेतलं. घेताना "हो साहेब, चालेल साहेब, काही हरकत नाही साहेब" असं लांबलचक बोललो. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला तशी सवयच होती. कुणी काही दिलं तरी आभार, काढून घेतलं तरी आभार.

मी भंडाऱ्याकडचा. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं तालुक्याला जायचं. नववीत ते जाणं सुटलं. नव्वदच्या दशकात टेलिफोनची केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर नाशिकला आलो आणि द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत रस्त्याच्या कडेनं चर खणत राहिलो. मग सातपूरच्याच एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या वायरी ओढायचं काम लागलं. वीजपुरवठ्याची पॅनेलं बनवणारा कारखाना. वायरी ओढून झाल्या, ठेकेदाराची माणसं दुसरीकडं गेली आणि मी राहिलो, कारण सिस्टीम विभागाच्या साहेबांनी मला ठेवून घेतलं.

साहेब फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त झालेले. राहायला देवळाली कॅम्पात, तिथून रोज मोटरसायकलवर यायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण हुकूम द्यायचे ते बरेचदा हिंदीत. "इधर बैठ, देख, हात मत लगा," इथून माझं शिक्षण सुरू झालं आणि "अब तू कर, मैं देखता हूँ" इथपर्यंत आलं. सर्व्हर कसा चालू करायचा, बॅकअपची टेप कशी बदलायची, लॉग म्हणजे सर्व्हरनं लिहून ठेवलेली दिवसभराची हकीकत, ती कशी वाचायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी कागदावर अजूनही ठेकेदाराचाच माणूस होतो. कँटीनचं कुपन मला पिवळं मिळायचं, कायम लोकांना गुलाबी. पिवळ्यांनी गुलाबी जेवून उठल्यावर बसायचं. त्याचं मला वाईट वाटायचं नाही. भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. कधीतरी कार्मिक विभागातून कुणीतरी वर येईल आणि म्हणेल, "याची दहावीची मार्कशीट दाखवा."

आणि आता ही आली. नाशिकचीच, इंजिनिअर, गंगापूर रोडला घर. वडील स्कूटरवरून गेटपर्यंत सोडायचे. डब्यात रोज वेगळी भाजी, वर लिंबाची फोड. शिकाऊ म्हणून घेतली होती, तरी कुपन पहिल्या दिवसापासून गुलाबी. साहेबांशी इंग्रजीत बोलायची आणि मधेच हसायची, साहेबही हसायचे. मला त्या हसण्याचं कारण कळायचं नाही. मग मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत बघत बसायचो.

ती मला दादा म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायचो. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल.

साहेबांनी तिला पहिलं मोठं काम दिलं ते डिरेक्टरीचं. ही डिरेक्टरी म्हणजे आमच्या सगळ्या शाखांतल्या कायम आणि शिकाऊ लोकांची नावं, हुद्दे, फोन, ई-मेल, असं सगळं एका सर्व्हरवर. तो सर्व्हर मुंबईला मुख्य कचेरीत. इथं कुणी मेल लिहायला घेतला आणि नाव शोधलं की तो प्रश्न लाइनवरून मुंबईला जायचा आणि उत्तर घेऊन यायचा. लाइन बारीक. सकाळी सगळे एकदम कामाला लागले की उत्तर येईस्तोवर चहा प्यायला जाऊन यावं. कसारा घाटात कुणी रस्ता खणला की लाइनच बंद, मग कुणालाच कुणाचा पत्ता नाही.

साहेबांचं म्हणणं, मधे इथंच एक मशीन ठेवू. विचारलेला प्रश्न आणि आलेलं उत्तर ते लक्षात ठेवील. तोच प्रश्न पुन्हा आला की मुंबईला न जाता इथूनच सांगेल. आपला गेटवरचा वॉचमन नाही का? "मोठे साहेब आलेत का?" म्हणून दहाव्यांदा विचारलं तर तो काही वर फोन लावत नाही, आधीच्याच माहितीवर "नाही" म्हणतो. तसंच. फक्त त्याला आधी सांगावं लागतं, कोणत्या प्रकारचे प्रश्न लक्षात ठेवायचे आणि एक उत्तर किती वेळ खरं मानायचं. नावावरून विचारलं तर ठेव, आडनावावरून विचारलं तर ठेव, बाकी कसंही विचारलं तर सरळ मुंबईला पाठव. हे सगळं एका फाइलमध्ये लिहायचं.

मला वाटलं होतं, हे काम मला मिळेल. लाइनची नाडी मला ठाऊक होती. साहेब मात्र म्हणाले, "मॅडम फाइल लिहील. तू लॉग बघ आणि तिला सांग, लोक काय काय विचारतात."

"हो साहेब, चालेल साहेब."

लॉग बघायला मी स्टुलावर आणि फाइल लिहायला ती खुर्चीवर. तिची बोटं कीबोर्डवर अशी चालायची की बघायला नको. मी दोन बोटांनी टाइप करतो, आजसुद्धा. पण लॉगमध्ये मला एक गोष्ट दिसली. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या नावांत निम्मी नावं डिरेक्टरीत नव्हतीच. ट्रकवाल्यांचा मुकादम, वेल्डर, कँटीनचा आचारी, क्रेन चालवणारा. सगळे ठेकेदाराचे, सगळे पिवळ्या कुपनाचे. त्यांच्यावाचून लोकांचं पान हलत नव्हतं म्हणून लोक त्यांची नावं शोधायचे, मुंबईहून "सापडलं नाही" असं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचे. माणूस समोर दिसतो, म्हणजे डिरेक्टरीत असणारच, असं लोकांना वाटायचं.

त्यात माझंही नाव होतं. खरेदी, स्टोअर, डिझाइन, सगळ्या विभागांतून विचारलेलं. पुढं प्रत्येक वेळी उत्तर शून्य.

मला क्षणभर फार भारी वाटलं. एवढे लोक मला शोधतात! आणि लगेच वाटलं, शोधतात आणि सापडत नाही, हे मुंबईच्या सर्व्हरलासुद्धा माहीत आहे.

तिच्या फाइलमध्ये माझ्या हातची एक तरी ओळ असावी असं मला तेव्हा फार वाटलं. मी म्हटलं, "मॅडम, होकाराचं सोडा, नकार लक्षात ठेवायला लावा. निम्मी लाइन ‘नाही’ आणायलाच जाऊन राहिली."

"जाऊन राहिली!" ती हसली. माझ्या बोलण्यातलं हे ‘राहिली’ तिला आवडायचं. ती चेष्टा करत नव्हती, हे आज कळतं. "पण पॉइंट बरोबर आहे, दादा. नकार किती वेळ ठेवू? दोन तास?"

"होकाराला ठेवा दोन तास. लोकांचे हुद्दे बदलतात, फोन बदलतात. नकाराला आठवडा ठेवा."

"आठवडा जास्त होईल हो. मधेच कुणी नवीन लागलं तर?"

"आपल्याकडं नवीन कोण लागतंय मॅडम? तुम्ही लागलात तेवढ्याच. वेल्डर काय उद्या मॅनेजर होऊन राहिलाय?"

साहेब पलीकडून ऐकत होते. ते खो खो हसले आणि म्हणाले, "रख दे हफ्ता. लडका सही बोल रहा है."

मी तेव्हा लडका नव्हतो, पण ते ‘सही’ मी दिवसभर जपून ठेवलं. फाइलमध्ये ती ओळ तिनंच टाइप केली, मात्र शेजारी तिनं शेरा टाकला की ही सूचना दादांची. आभार मानायला हवे होते. मला वाटलं, एवढं मोठं मन परवडतं हिला.

मशीन लागलं आणि काम सोन्यासारखं झालं. नाव टाकलं की उत्तर हजर. विशेषतः ‘नाही’ तर असं झटकन यायचं की खरेदीतला एक जण म्हणाला, "अरे वा, आता नकारसुद्धा फास्ट झाला!" पिवळ्यांची नावं शोधणं लोकांनी मग सोडूनच दिलं. शाबासकी तिला मिळाली. मुंबईहून मेल आला, त्यात तिचं नाव, साहेबांचं नाव. बरोबरच होतं. काम तिचंच होतं. पण बरोबर असलेली गोष्ट बोचत नाही असं थोडंच असतं?

त्याच सुमारास साहेबांनी मला बाजूला घेतलं. "दोन नावं मुंबईला पाठवलीत. तिचं पक्कं करायला, आणि तुझं कायम करायला. शिक्षणाची अट माफ करा म्हणून मी हाताने लिहिलंय. आता बघू."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर ते मागं सरकले. "परेड में ऐसा नहीं करते."

खाली कँटीनमध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. स्टोअरचा म्हातारा कारकून माझ्या ताटाशेजारी येऊन बसला. "दोन नावं गेलीत म्हणे. येणार एकच. मुंबईवाले दोन कधी देत नाहीत."

"तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"सांगायचं काय त्यात? दोन पाठवायची ती एक कापता यावं म्हणून."

त्यानंतर मला तिचा चेहरा बघितला की तेवढंच आठवायचं. तिला नोकरीची गरज ती काय? हिला घर आहे, लिंबाची फोड आहे, डिग्री आहे. ही नाही पक्की झाली तर पुण्याला जाईल, बंगलोरला जाईल. मी कुठं जाणार? चर खणायला?

आमच्या कारखान्यात कुणाची बढती, बदली झाली की पत्र यायच्या आधी डिरेक्टरीत दिसायचं. मुंबईतली कार्मिकची बाई आधी तिथं नाव चढवायची आणि मग पत्र कुरिअरनं पाठवायची. म्हणून सगळे रोज सकाळी एकमेकांची नावं शोधून बघायचे, लोक पेपरमध्ये राशिभविष्य बघतात तसं. मीही बघायला लागलो. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी आलो, विभागाच्या मशीनवर स्वतःचं नाव टाकलं. सापडलं नाही. बरं, आज सोमवारच आहे, म्हटलं.

मंगळवारी पुन्हा टाकलं. सापडलं नाही. मग तिचं टाकलं. शिकाऊ म्हणून तिचं नाव आधीपासून होतंच, पण आज त्यापुढं ‘शिकाऊ’ नव्हतं. ‘इंजिनिअर’ होतं.

माझे कान गरम झाले. माझं नाव पुन्हा टाकलं, या वेळी दोन बोटांनी अगदी सावकाश, एकेक अक्षर बघून. ‘नाही’ झटकन आलं.

दुपारी तिनं पेढे वाटले. मलाही दिला. मी हातात घेतला आणि म्हणालो, "अभिनंदन मॅडम, फार आनंद झाला." पेढा तोंडात टाकला आणि खाली बघत चघळत राहिलो. ती तिथंच उभी राहिली, काहीतरी बोलायची वाट बघितल्यासारखी, आणि मग पुढं गेली. मला वाटलं, रडतोय की काय ते बघायला थांबली होती.

सिडकोत माझ्या खोलीत एक सटाण्याकडचा लेथवाला राहायचा. संध्याकाळी मी जेवणाला हात लावला नाही म्हणून तो भडकला. "काय व्हयनं रे तुले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुनं नाव नही शे, मनं बी नही शे. मी जेवी राहिनू ना? जेव."

त्याचा हेवा मला कधी वाटला नाही. आम्ही एका पंगतीतले. हेवा वाटायला माणूस शेजारच्या खुर्चीवर असावा लागतो, आणि ती खुर्ची आधी आपली असावी लागते.

बुधवारी नाही. गुरुवारी नाही. साहेब त्या आठवड्यात मुलाकडं दिल्लीला गेले होते, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. कदाचित विचारलंही नसतं. एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी, आणखी काय विचारायचं? मी मनात गावची एसटी, नागपूरची गाडी, सगळं जुळवायला लागलो होतो.

शुक्रवारी सकाळी ती पर्स खुर्चीला अडकवत म्हणाली, "काय दादा, पेढे कधी?"

मी टेपचा डबा हातात धरून उभा होतो. "कसले पेढे?"

"आता आणखी किती वाट बघायला लावणार? माझे तर मंगळवारीच खाल्लेत तुम्ही."

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की काय सांगू. "मॅडम," मी म्हणालो, "तुमचं झालं ना? सुखात राहा. गरिबाची मजा कशाला घेऊन राहिल्या?"

"मजा? अहो दादा, मी कशाला... तुमचं झालंय ना! मंगळवारीच!"

"रोज बघतो मी. नाव नाही माझं."

"अहो, आहे! मी बघितलंय!"

तिनं मला हाताला धरून मशीनपुढं बसवलं, स्वतः उभी राहिली. तिनं नाव टाकलं नाही. तिची बघायची रीत वेगळी होती. तिनं आमच्या विभागाची सगळी माणसं एकदम मागवली. तसा प्रश्न लक्षात ठेवायच्या प्रकारांत बसत नव्हता, म्हणून तो सरळ मुंबईला गेला. लाइनवर गर्दी होती. आम्ही दोघं पडद्याकडं बघत थांबलो. मग तीन नावं आली. साहेब, ती आणि मी.

"बघा. मंगळवारी माझंही असंच बघितलं मी. म्हटलं, दादा आज काहीतरी बोलतील. पेढा देताना मुद्दाम थांबले, तर तुम्ही चेहरा पाडून उभे. मला वाटलं, तुम्हाला माझ्याबरोबर झालं म्हणून राग आला."

मग तिनं तिथंच माझं नाव टाकलं. ‘नाही’ झटकन आलं.

दोघांनाही एकदमच कळलं. तिनं कपाळावर हात मारला. "दादा! आठवडा! कधी विचारलंत पहिल्यांदा?"

"सोमवारी सकाळी."

"आणि मंगळवारी मुंबईनं नाव चढवलं. मशीन तुम्हाला सोमवारचंच उत्तर देतंय! येत्या सोमवारपर्यंत देत राहिलं असतं!" ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "तुम्ही विचारलंच नसतं ना, तर मंगळवारीच सापडला असता तुम्ही!"

मला हसू आलं नाही. मी अजून त्या तीन नावांकडंच बघत होतो. इतके दिवस ज्या नावासाठी जीव टांगणीला लागला होता ते समोर होतं, आणि माझी नजर काही त्यावर नव्हती. तिच्या नावापुढं ‘इंजिनिअर’ होतं. माझ्यापुढं ‘सहायक’. तिचा फोन नंबर होता, माझ्या नंबराच्या जागी रेघ.

"थँक्यू मॅडम," मी म्हणालो. साहेबांचे आभार मानताना माझं बोलणं लांबायचं. घरमालकिणीनं भाकरी दिली तरी लांबायचं. हिचे मानताना ते दोन शब्दांत संपलं.

"त्यात काय दादा," ती म्हणाली आणि फाइल उघडली. मशीनची आठवण पुसली, नकाराची मुदत एक तासावर आणली. माझ्या नावाचा शेरा होता, तोही तिनं पुसला. मी ते बघितलं, हे तिच्या लक्षात आलं. "नाहीतर साहेब तुम्हाला बोलतील," ती म्हणाली. सोमवारी साहेब आल्यावर विचारलंच, हफ्ता का बदलला म्हणून. ती म्हणाली, "आमच्या दोघांचं चुकलं होतं, सर." साहेब एवढंच म्हणाले, "ठीक है," आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी स्टुलावरून पडायचा राहिलो.

त्याच दिवशी मुंबईचं पत्र आलं आणि दुपारी मला गुलाबी कुपन मिळालं. पहिल्या पंगतीला बसलो. ती समोर, डबा उघडून. "दादा, घ्या ना भाजी," म्हणाली. दोडक्याची होती. चव चांगली होती हे मला कबूल करावं लागलं.

संध्याकाळी गावाला फोन लावला. शेजाऱ्यांकडं फोन होता, आईला बोलवून आणेस्तोवर बूथवर उभा राहिलो. "आई, मी कायम झालो," म्हटलं. ती रडली, मग देवाला हात जोडले असावेत, कारण मधे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मी बोलत सुटलो. सगळं सांगितलं. की आमच्या विभागात एक इंजिनिअर आहे, गंगापूर रोडला घर आहे तिचं, मोठं, बाप सोडायला येतो, तिचंबी याच वेळी पक्कं झालं, तिचा हुद्दा मोठा, तिला फोन मिळाला, साहेब तिच्याशी इंग्रजीत बोलतात, आता मुंबईला ट्रेनिंगला तिलाच पाठवतील, बघ तू...

बूथवाला घड्याळाकडं बोट दाखवत होता.

"अरे बापू," आई म्हणाली, "तिचं काऊन सांगून राहिला मले? तुह्यं सांग नं."